हातपाय चालताहेत तोवर ठरवा : नाशिककर ज्येष्ठांच्या निवासाचा आढावा

मुंबई-आग्रा महामार्ग द्वारका चौकातून जातो, पुण्याचा रस्ता इथूनच फुटतो आणि एक वाट सारडा सर्कलवरून जुन्या नाशकात उतरते. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, टेम्पो, सिटीलिंकच्या बस आणि दिवसभर न हटणारी कोंडी. पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला गेला, पण गुडघे धरलेल्या माणसाला तेवढ्या पायऱ्या उतरून पुन्हा चढणं झेपत नाही. म्हणून सत्तरीचे आजी-आजोबा एक हात वर करून गाड्यांच्या गर्दीतूनच रस्ता ओलांडतात.

चौकाच्या भोवती काठे गल्ली, टाकळी रोड, वडाळा नाका, बोधलेनगर. या भागांत ज्यांनी १९८० आणि ९०च्या दशकांत पै-पै जोडून फ्लॅट घेतले, ती माणसं आज सत्तरीपार आहेत. कुणी ओझरच्या एचएएलमध्ये होतं, कुणी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात, कुणी एसटीत, कुणी शाळेत. घर घेताना वय चाळीसच्या आत होतं, तेव्हा खाली पार्किंग आणि वर तीन मजले असलेल्या इमारतीत लिफ्ट नाही याचं कुणालाच काही वाटलं नाही. आज तिसऱ्या मजल्यावरून भाजीला उतरायचं म्हणजे मोहीम असते. मुलं हिंजवडीला, बंगळूरला, परदेशात. ‘आता आपण कुठे राहायचं?’ हा प्रश्न या घरांत रोज निघतो आणि रोज पुढे ढकलला जातो.

उत्तर म्हणून वर्तमानपत्रात पानभर जाहिराती येतात. बाग, देऊळ, योगासनांचा हॉल, डोंगराचं दृश्य. हे सगळं चांगलंच आहे, पण ते तब्येत ठणठणीत असलेल्या दिवसांसाठी आहे. ज्येष्ठांचं घर पारखायचं असतं ते चार अवघड दिवसांवर: ज्या दिवशी अंथरुणातून उठता येणार नाही तो दिवस, दोघांपैकी एक जण जाईल तो दिवस, पैसे अपुरे पडतील तो दिवस आणि ‘इथे राहायचं नाही’ असं वाटेल तो दिवस. या चारही दिवसांचं उत्तर जिथे लेखी मिळतं ती जागा विचारात घ्यावी. जिथे मिळत नाही, तिथली बाग कितीही हिरवी असली तरी निघून यावं. हा लेख याच कसोटीवर उपलब्ध पर्याय तपासतो.

प्रश्न किती मोठा

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं सुमारे १ कोटी ११ लाख होती, म्हणजे दर दहा माणसांत जवळपास एक. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३च्या अहवालानुसार २०५० सालापर्यंत भारतात दर पाच माणसांत एक ज्येष्ठ असेल.

ज्येष्ठांसाठी वेगळी वस्ती उभारण्याची कल्पना पाश्चात्त्य देशांत रुळली त्याला साठ वर्षं होऊन गेली. अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९६० साली ‘सन सिटी’ सुरू झाली आणि तिथून निवृत्तांच्या गावांचा मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. इथे सुरुवात दानधर्मातून झाली. पुण्याच्या नव्या पेठेतल्या ‘निवारा’चं मूळ एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या अनाथ पंगुगृहात आहे. ज्याला कुणी नाही त्याला आसरा, असा वृद्धाश्रमाचा अर्थ त्यातून रूढ झाला. त्यामुळे ज्याला सगळे आहेत, पेन्शन आहे, स्वतःचं घर आहे, अशा माणसाने वृद्धाश्रमाचं नाव काढलं तरी ‘मुलांनी टाकलं का?’ असा प्रश्न येतो. या एका प्रश्नाच्या भीतीने अनेक जण निर्णय लांबवतात आणि शेवटी तो त्यांच्या वतीने दुसरंच कुणीतरी, रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या घेतं.

पहिला पर्याय : आहे तिथेच

बहुतेकांची पहिली इच्छा हीच असते आणि ती चुकीची नाही. द्वारकेच्या परिसरात राहणाऱ्याला किराणा, औषधाचं दुकान, बँक, देऊळ हाकेच्या अंतरावर आहे. काठड्यात महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे, थोडं पुढे जिल्हा रुग्णालय. घरपोच डबा मिळतो. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर चार ओळखीचे चेहरे भेटतात. ही ओळख कुठल्याही नव्या वसाहतीत विकत मिळत नाही.

अडचण घराच्या रचनेची आणि माणसाच्या मदतीची. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकून किंवा भाड्याने देऊन त्याच भागात तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत जाणं हा सर्वांत कमी बोलला जाणारा आणि अनेकांना सर्वांत सोयीचा उपाय आहे. पेपरवाला तोच राहतो, डॉक्टर तोच राहतो, फक्त जिना जातो.

मदतीसाठी ब्यूरोकडून बारा तासांची किंवा चोवीस तासांची बाई वा माणूस मिळतो. पण आज आलेल्या मावशी उद्या येतीलच याचा भरवसा नसतो आणि त्यांच्यावर देखरेख कुणी करायची हा प्रश्न उरतोच. गावात एक तरी धडधाकट नातेवाईक किंवा जवळचा शेजारी हाकेला ओ देणारा असेल, तरच ही व्यवस्था टिकते. घर आहे पण हातात पैसा नाही, अशांसाठी बँकांची ‘रिव्हर्स मॉर्गेज’ योजना २००७पासून आहे. साठीपुढच्या मालकाने राहतं घर तारण ठेवायचं, बँकेने ठरावीक काळ दरमहा रक्कम द्यायची, हयातीत घर सोडावं लागत नाही. वारसांशी आधी बोलून घेतलं तर ती उपयोगी पडते, न बोलता घेतली तर घरात भांडण लावते.

दुसरा पर्याय : सरकारी आणि धर्मादाय वृद्धाश्रम

राज्य सरकारने १९९५मध्ये ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली. प्रत्येकी १०० जणांची सोय, त्यातल्या निम्म्या जागा नाममात्र शुल्काच्या आणि निम्म्या गरिबांसाठी मोफत, अशी तिची आखणी होती. पुढे २००७च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम असावा असं म्हटलं. मात्र कायद्यातला शब्द राज्य सरकार असे आश्रम ‘स्थापन करू शकेल’ असा आहे, ‘केलेच पाहिजेत’ असा नाही. या एका क्रियापदाने देशभर कितीतरी आश्रम कागदावरच ठेवले.

धर्मादाय संस्थांचे आश्रम नाशिकसह सगळ्या मोठ्या शहरांत आहेत. पनवेलजवळ नेऱ्याचं ‘शांतिवन’, पानशेतजवळ आंबी इथला जनसेवा फाउंडेशनचा आश्रम ही राज्यातली माहितीतली नावं. अशा ठिकाणी खर्च कमी असतो, सेवाभाव खरा असतो आणि सोबत मिळते. पण प्रवेशअर्जातली एक ओळ नीट वाचावी लागते: ‘स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश’. अनेक आश्रमांत ही अट असते आणि संस्थेच्या बाजूने ती रास्तही आहे, कारण आजारी माणसाची शुश्रूषा करायला तिच्याकडे मनुष्यबळ नसतं. राहणाऱ्याच्या बाजूने मात्र त्याचा अर्थ असा, की पहिला अवघड दिवस आला की पुन्हा नवी जागा शोधायची. म्हणून विचारायचं: अंथरुणाला खिळलेली किती माणसं आज इथे आहेत? उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर ती कुठे गेली हा पुढचा प्रश्न.

तिसरा पर्याय : सशुल्क केअर सेंटर

गेल्या काही वर्षांत शहराच्या कडेला बंगले भाड्याने घेऊन चालवलेली केअर सेंटर वाढली आहेत. दहा-वीस खाटा, एक-दोन परिचारिका, मदतनीस मुली, स्वयंपाकीण, आठवड्याला येणारे डॉक्टर. पक्षाघात झालेले, स्मृतिभ्रंश झालेले, मांडीचं हाड मोडल्यावर उठू न शकणारे असे रुग्ण इथे असतात. ज्या कामाला घर आणि आश्रम दोन्ही कमी पडतात ते काम ही केंद्रं करतात, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

इथे दर्जा केंद्रागणिक बदलतो आणि तो चालवणाऱ्या माणसावर अवलंबून असतो. म्हणून आधी नोंदणी विचारावी. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे, कंपनी आहे की एका व्यक्तीचा व्यवसाय आहे? यावर हिशेब कोण मागू शकतो हे ठरतं. प्राप्तिकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात, साठीपुढच्या व्यक्तीकडून राहणं-जेवण-देखभाल मिळून दरमहा २५ हजारांपर्यंत घेतल्या जाणाऱ्या शुल्काला जीएसटी लागत नाही. खासगी व्यवसायाला ही सवलत नाही. बिल हातात आलं की यावरूनही संस्थेचं खरं स्वरूप कळतं.

अशा केंद्राला भेट द्यायची ती सकाळी अकराला नव्हे. त्या वेळी फरशी पुसलेली असते, सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या असतात. संध्याकाळी सातनंतर जावं. दिवसाची पाळी संपून रात्रीची सुरू होण्याची ती वेळ. तेव्हा मोजावं: खाटा किती आणि जागी माणसं किती. खाटेजवळची बेल दाबून पाहावी आणि कोण, किती वेळात येतं ते बघावं. पाण्याचा तांब्या हाताला लागेल इतक्या जवळ आहे की समोरच्या टेबलावर? ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी वळवायचं असतं, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. त्या वळवण्याची नोंद असलेली वही मागावी. वही असेल आणि तिच्यात आजच्या दुपारच्या नोंदी असतील, तर तिथे काम होतं. वही नसेल, किंवा आठवड्याभराच्या नोंदी एकाच शाईने एका दमात लिहिल्यासारख्या दिसत असतील, तर भिंतीवरची प्रमाणपत्रं पाहण्यात वेळ घालवू नये.

चौथा पर्याय : ज्येष्ठांची वसाहत

स्वतःचा फ्लॅट, शिवाय जेवणघर, डॉक्टर, हाक मारली की येणारा माणूस आणि समवयस्क शेजार, असा हा प्रकार. महाराष्ट्रात त्याचं सर्वांत परिचित नाव पुण्यातल्या परांजपे स्कीम्सचं ‘अथश्री’. पाषाण, बाणेर, बावधन, हडपसर अशा भागांत या वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईच्या बाजूला नेरळला ‘डिग्निटी लाइफस्टाइल’ आहे, लवासात ‘आशियाना उत्सव’ आहे. देशात कोइमतूर हे अशा वसाहतींचं मोठं केंद्र बनलं आहे.

या वसाहतींत राहण्याचा हक्क तीन तऱ्हांनी मिळतो. एक, फ्लॅट विकत. दोन, मोठी अनामत ठेवून मालकीशिवाय राहायचा हक्क. तीन, भाडं. विकत घेतलेला फ्लॅट वारसांना मिळतो, पण ते वयाच्या अटीत बसत नसतील तर त्यांना तिथे राहता येत नाही. विकायचा तर गिऱ्हाईकही ज्येष्ठच शोधावं लागतं. अनामतीच्या प्रकारात ती कधी, किती वजावटीने आणि किती दिवसांत परत मिळेल यावर सगळा व्यवहार ठरतो. या बाबतीत न्यूझीलंडकडे पाहण्यासारखं आहे. तिथल्या २००३च्या कायद्यानुसार निवृत्तांच्या वसाहतीत राहायचा करार करण्याआधी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेणं सक्तीचं आहे आणि सही केल्यावरही कामाच्या १५ दिवसांत माघार घेता येते. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण वकिलाला कागद दाखवायला आणि माघारीची मुदत लेखी मागायला कुणी हात धरलेला नाही.

केंद्र सरकारने २०१९मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. बिल्डर, सेवा पुरवणारी संस्था आणि घर घेणारा अशा तिघांचा मिळून करार असावा, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची सूचना. कारण बिल्डर ताबा देऊन निघून जातो. पुढची वीस वर्षं जेवण कोण देणार, रुग्णवाहिका कोण बोलावणार, याचं उत्तर दुसऱ्याच कुणाकडे असतं.

टेप घेऊन जा

मे २०२४मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना बांधकामाचे किमान निकष लागू केले आणि ते विक्रीकरारात उतरवणं बंधनकारक केलं. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट हवी, लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची जायला हवी, आवाजाने आणि दिव्याने सूचना देणारी यंत्रणा हवी. दार ९०० मिलिमीटरहून अरुंद नको. जिन्याची रुंदी दीड मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. न्हाणीघरात धरायला दांडे, न घसरणारी फरशी, स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारं यंत्र.

हे निकष महारेराकडे ज्येष्ठांचा प्रकल्प म्हणून नोंदलेल्या बांधकामाला लागू होतात. साध्याच इमारतीच्या जाहिरातीत ‘ज्येष्ठांसाठी आदर्श’ असं छापलं म्हणून ती या चौकटीत येत नाही. म्हणून खिशात टेप ठेवावी. न्हाणीघराचं दार मोजावं. जुन्या फ्लॅटमध्ये ते अनेकदा दोन-सव्वादोन फुटांचं असतं आणि चाकाची खुर्ची त्यातून जात नाही. तिथे दोघांनी धरून उचलून न्यावं लागतं आणि नेमकं तिथेच पाय घसरतो. न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची पाहावी, दार आतून अडकलं तर बाहेरून उघडता येतं का ते पाहावं. कमोडवर बसून उठून दाखवावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. राहत्या घरातही हेच माप लावावं. दार रुंद करणं, दांडे बसवणं, उंबरा काढणं या कामांना नवं घर घ्यावं लागत नाही.

पैशाचं गणित

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं, म्हणजे महिन्याला २०,५००. समजा, आज एखाद्या ठिकाणचं मासिक शुल्क २० हजार आहे. पहिल्या वर्षी हिशेब छान जुळतो. पण शुल्क दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढलं तर दहा वर्षांनी तेच ४३ हजारांवर जातं आणि ठेवीचं व्याज जिथल्या तिथे राहतं. म्हणून ‘आज किती?’ याआधी ‘गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती वाढवलं?’ हे विचारावं आणि जुन्या पावत्या पाहाव्यात.

कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचं गणित याहून कठीण आहे. ईपीएस-९५ योजनेत किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये आहे. १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षांची सेवा धरली तरी पेन्शन ७,५०० होते. योजनाच मुळी १९९५च्या अखेरीस सुरू झाल्यामुळे आजच्या निवृत्तांपैकी बहुतेकांच्या हाती त्याहून बरंच कमी पडतं. पतीच्या निधनानंतर पत्नीला त्याच्या निम्मी रक्कम मिळते. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये अतिगरिबांसाठी आहेत. सातपूर-अंबडच्या हजारो कुटुंबांना वसाहतींची जाहिरात परवडणारी नाही, हे सत्य लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी महापालिकेने आणि राज्य सरकारने माफक दरातली शुश्रूषागृहं उभी करणं हाच मार्ग आहे आणि ती मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी लावून धरायला हवी.

ज्यांना परवडतं त्यांनी हिशेब पत्नीच्या हयातीपर्यंतचा करावा. स्त्रिया सरासरीने जास्त जगतात, बहुतेक जोडप्यांत वयानेही लहान असतात आणि कुटुंब-निवृत्तिवेतन मूळ पेन्शनहून कमी असतं. दोघांच्या पेन्शनवर परवडणारी जागा तिला एकटीला परवडेल का? करारात तिचं नाव आहे का? हा दुसऱ्या अवघड दिवसाचा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं आहे. केअर सेंटरचं शुल्क, डायपर, मदतनीस यांचा खर्च त्यात येत नाही. आरोग्य विम्यावरही त्यासाठी विसंबू नये. हा खर्च पदरचाच.

कायदा कुठवर साथ देतो

२००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा अनेकांना ऐकून माहीत असतो. त्याखाली मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, वकिलाची गरज नाही. मूळ कायद्यात निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा दरमहा १० हजार आहे. त्यातलं तेविसावं कलम घर नावावर करून देणाऱ्यांसाठी मोलाचं आहे. ‘सांभाळ करील’ या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या एका निकालात अशी अट असल्याचं सिद्ध व्हायला हवं यावर बोट ठेवलं. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळाची अट त्या दस्तातच स्पष्ट लिहावी. नाशिकच्या शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७०मध्ये रंगभूमीवर आलं. सगळं मुलांना वाटून रिकामे झालेले अप्पा बेलवलकर तेव्हापासून मराठी घराघरांत माहीत आहेत. तरीही आजही मिळकती बिनअटीच्या बक्षीसपत्रांनी दिल्या जातात.

वृद्धाश्रम किंवा वसाहतीशी करार करताना मराठीत प्रत मागावी. आजारपणात खोली बदलली जाईल का, रुग्णालयात कोण नेणार, तिथे सही कोण करणार, किती दिवस गैरहजर राहिल्यास शुल्क लागेल, सोडताना किती दिवसांची सूचना आणि अनामत किती दिवसांत परत, तक्रार कुणाकडे, हे सगळं कागदावर हवं. तोंडी ‘काळजी करू नका काका, आम्ही आहोत’ याला कराराची किंमत नाही. उपचारांबाबतची आपली इच्छाही लेखी ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये वैद्यकीय इच्छापत्राची पद्धत सोपी केली असून आता नोटरीसमोरही ते करता येतं. छळ, फसवणूक किंवा नुसती माहिती, कशासाठीही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

नाशकातच की बाहेर?

मूल पुण्यात असेल तर पुण्याच्या वसाहतीचा विचार साहजिक आहे. पण दोनशे किलोमीटर दूर जाताना काय मागे राहतं त्याची यादी करावी. १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय, गोदाघाटावरची शंभरी ओलांडलेली वसंत व्याख्यानमाला, ठरलेला दूधवाला, तीस वर्षं तब्येत ओळखणारे डॉक्टर, काळारामाच्या दर्शनाला सोबत जाणाऱ्या मैत्रिणी. साठीत हे सगळं नव्याने जमवता येतं, ऐंशीत फार कठीण जातं. म्हणून जायचंच असेल तर लवकर जावं. उशीर झाला असेल तर जवळचीच जागा शोधावी.

जागा निवडताना सर्वांत मोठी कसोटी मी भेटीची मानतो. जिथे आठवड्यातून एकदा कुणीतरी आपलं माणूस, वेळ न ठरवता, सहज डोकावू शकतं, तिथे काळजी चांगली घेतली जाते. मोठं कॉर्पोरेट नाव आणि वर्षातून दोन भेटी यापेक्षा साधं केंद्र आणि दर रविवारी येणारी भाची बरी. मुलं परदेशात असतील तर हे भेट देणारं माणूस कोण, हे आधी ठरवावं. मग त्याच्या घराजवळची जागा शोधावी.

निष्कर्ष

ज्या दांपत्याचे हातपाय चालताहेत आणि गावात हाकेला कुणी आहे, त्यांनी द्वारकेचा भाग सोडायची घाई करू नये. लिफ्ट असलेलं किंवा तळमजल्याचं घर आणि दुरुस्त केलेलं न्हाणीघर एवढ्यावर पुढची दहा वर्षं सुखात जाऊ शकतात. एकटं राहणाऱ्यांनी आणि मुलं कायमची बाहेर असलेल्यांनी सत्तरीच्या आत वसाहतीचा किंवा चांगल्या आश्रमाचा निर्णय घ्यावा, पण आधी तिथे महिनाभर पाहुणे म्हणून राहून पाहावं. नव्याचे नऊ दिवस संपल्यावरच खरी जागा कळते. स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघात असेल तर भावनेला बाजूला ठेवून शुश्रूषेची जागा शोधावी. घरच्या एका माणसाने रात्रंदिवस खपून दोघांचीही तब्येत घालवणं ही सेवा होत नाही. आणि कुठलाही मार्ग घेतला तरी नव्या ठिकाणी वर्ष काढल्याशिवाय राहतं घर विकू नये. परतीची वाट उघडी ठेवणं हा चौथ्या अवघड दिवसाचा एकमेव खात्रीचा उपाय आहे.

या दिवाळीत मुलं घरी आली की फराळानंतर एक कागद घेऊन बसा. चार अवघड दिवस त्यावर लिहा आणि प्रत्येकासमोर कोण, कुठे, किती पैशांत, हे सगळ्यांच्या समोर भरा. मुलांनी हा विषय काढायची वाट पाहू नका, कारण आई-वडिलांना दुखवायच्या भीतीने ती तो काढणार नाहीत. तुम्हीच काढा.